वोकिंगची शांतता आणि शेजाऱ्याचा हक्क

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात असे घर विरळाच, ज्यातला एखादा माणूस परमुलखात नाही. आजोबांची पिढी जहाजावर गेली, वडिलांची पिढी कुवेत, दुबई, सौदीत गेली. गल्फच्या नोकरीत एक गोष्ट होती. माणूस बायकामुलांना गावी ठेवून जायचा, दोन वर्षांनी सुटीवर यायचा आणि केस पिकले की कायमचा परतायचा. आता शिकलेली मुले इंग्लंड, कॅनडाकडे जातात ती बायकामुलांसह, आणि तिथेच घर घेतात. काही वर्षांनी गावच्या मोठ्या घरात एकटी आई उरते. मुलगा फोनवर म्हणतो, ‘अम्मीला इकडे पाठवून द्या.’ गावातले म्हणतात, ‘नशीबवान आहे, विलायतेला चालली.’ तिला स्वतःला काय वाटते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

हा प्रश्न आमच्याही घरात आला. धाकटा भाऊ इंग्लंडमधील वोकिंग या गावी संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीने तिकडे यावे असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्याच्या सांगण्यावर निर्णय घेण्यापेक्षा एकदा राहून पाहू, असे ठरवून २०२५ च्या उन्हाळी सुटीत आम्ही अम्मीला घेऊन तिकडे गेलो आणि सहा आठवडे राहिलो. लंडनचा राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही लिहिणार आहोत ते तिथल्या साध्या वस्तीबद्दल, कारण आपली माणसे तिकडे जाऊन राजवाड्यात नव्हे, अशाच वस्तीत राहतात.

गाव आणि घरे

वोकिंग हे सरे परगण्यातील शहर लंडनपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. १८३८ मध्ये इथे रेल्वे आली तेव्हा आजूबाजूला माळरानच होते. आज जलद गाडीने लंडनचे वॉटर्लू स्टेशन अर्ध्या तासाच्या आत येते. त्यामुळे नोकरी लंडनला आणि घर इथे, असे हजारो लोक आहेत. सकाळी फलाटावर गर्दी असते, पण ती बोलत नाही.

भावाचे घर गोल्डसवर्थ पार्क या भागात आहे. १९७० च्या दशकापासून उभी राहिलेली ही मोठी वसाहत, मधे एक तळे, पायवाटा आणि झाडे. घरे विटांची, दोन मजली, बहुतेक जोडघरे. म्हणजे एक भिंत दोघांची सामाईक. पुढे मोटार उभी करण्याएवढी जागा, मागे कुंपण घातलेली छोटी बाग. या वस्तीत कुणी ओट्यावर बसत नाही, कारण घराला ओटाच नाही. जी काही ऐसपैस जागा आहे ती घराच्या मागे, कुंपणाआड. आमच्याकडे घराचे तोंड रस्त्याकडे असते, तिथे घराने पाठीमागे तोंड वळवले आहे, असे अम्मी म्हणाली. वस्ती समजून घ्यायला हे एक वाक्य पुरेसे आहे.

कचऱ्याची शिस्त पाहण्यासारखी. साध्या कचऱ्याचा चाकाचा डबा वेगळा, कागद-काच-डब्यांचा वेगळा आणि खरकट्याचा छोटा डबा वेगळा. ठरलेल्या वारी सकाळी ठरलेला डबा दारासमोर ठेवायचा. वार चुकला तर भरलेला डबा पुढच्या पाळीपर्यंत घरीच. कुणी ओरडत नाही, कुणी नोटीस लावत नाही. नगरपालिकेचा घरकर दहा-बारा हप्त्यांत भरला जातो आणि त्या बदल्यात रस्ता, दिवे, वाचनालय नीट चालते. हे पाहून हेवा वाटला, ते लपवण्यात अर्थ नाही.

शांतता कशी असते

पहिल्या आठवड्यात ही शांतता औषधासारखी वाटते. हॉर्न नाही, मिक्सर नाही, लाऊडस्पीकर नाही. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत गोंगाट केला तर नगरपालिकेकडे तक्रार करता येते, तसा कायदाच आहे. दिवसाही मोठ्याने बोलणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो. अम्मी मागच्या दारातून पुतण्याला नेहमीच्या आवाजात हाक मारायची, तर तो धावत यायचा आणि म्हणायचा, ‘दादी, हळू! लोकांना वाटेल आपण भांडतोय.’ वय वर्षे नऊ. त्याला उर्दू समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. मराठी तर जवळजवळ गेलीच आहे.

अजान घरापर्यंत येत नाही. वेळ मोबाईल सांगतो किंवा मशिदीचे छापील वेळापत्रक. उन्हाळ्यात त्या वेळा आपल्या सवयीच्या पार पलीकडे जातात. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो. मगरिब झाल्यावर इशासाठी जागत बसायचे आणि डोळा लागतो न लागतो तोच फजर. याउलट डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवून चारच्या आत मावळतो. जोहर, असर आणि मगरिब चार तासांत आटोपतात. शाळेत किंवा कचेरीत असलेल्या माणसाला त्या मोसमात दुपारची धांदलच होते. भाऊ दुपारच्या सुटीत कचेरीतील एका रिकाम्या खोलीत नमाज पढतो. वरिष्ठांना एकदा सांगितले, त्यांनी खोली दाखवली, विषय संपला.

त्या गावची मशीद

वोकिंगचे नाव मुस्लिम जगात आहे ते तिथल्या शाहजहान मशिदीमुळे. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत. १८८९ सालची. हे नाव ताजमहालवाल्या बादशहाचे नाही. भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांनी मोठी देणगी दिली म्हणून ते ठेवले गेले. बांधणारे होते डॉ. गॉटलिब लाइटनर, ज्यू घराण्यात बुडापेस्टला जन्मलेले भाषापंडित आणि लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य. हिंदुस्थानातून परतल्यावर त्यांनी इथे पौर्वात्य विद्येची संस्था काढली आणि तिच्या आवारात मशीद बांधली. १८९९ मध्ये ते वारल्यावर मशीद बंद पडली, ती १९१३ च्या सुमारास पुन्हा सुरू झाली. २०१८ मध्ये सरकारने तिला पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा दिला. हिरवट घुमटाची ही इमारत अगदी लहान आहे. जुम्याची गर्दी आवारातील इतर इमारतींत मावते.

आसपासच्या मेबरी भागात पाकिस्तानी, विशेषतः काश्मिरी कुटुंबे बरीच आहेत. तिथे हलाल गोश्त मिळते, किराण्याच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी मिळते आणि उर्दूत सलाम-दुआ होते. पण भावाच्या घरापासून हा भाग तीनेक किलोमीटरवर. अम्मीला मोटारीशिवाय जाता येत नाही आणि मोटार सकाळी आठला निघून जाते.

अम्मीचा दिवस

सव्वाआठ वाजता घर रिकामे होते. भाऊ स्टेशनवर, भावजय एका दवाखान्यात कामाला, मुले शाळेत. तिथल्या शाळा जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात, त्यामुळे आमच्या सुटीत त्यांचे वर्ग चालूच होते. आम्हीही काही दिवस बाहेर गेलो की अम्मी एकटी. साडेतीनला मुले परत, सहाला मोठी माणसे.

तिने एक दिवस खिडकीत बसून मोजले. दिवसभरात रस्त्यावरून सात माणसे गेली. एक पोस्टमन, एक सामान पोहोचवणारा, कुत्रे फिरवणारे तिघे आणि बाबागाडी ढकलणाऱ्या दोघी. सातही जणांनी खिडकीकडे पाहून मान हलवली किंवा हसून हात केला. एकही थांबला नाही. ‘माणसे वाईट नाहीत,’ अम्मी म्हणाली, ‘पण बोलायला निमित्त लागते आणि माझ्याकडे त्यांची भाषा नाही.’

गावी तिचा दिवस वेगळा असतो. सकाळी मासळीवाली दारात, दुपारी मदरशातली मुले पाणी प्यायला, संध्याकाळी ओट्यावर चार बायका. त्यात चहाड्या असतात, कुणाच्या सुनेने काय शिजवले याची उठाठेव असते. भावजयीने हे स्पष्ट बोलून दाखवले. ती म्हणाली, ‘इथे मी किती वाजता येते, मोटार का चालवते, हे कुणी विचारत नाही. मला हे सुख गावी मिळाले नसते.’ तिचे म्हणणे खरे आहे. तरण्या, कमावत्या सुनेला जी शांतता मोकळी हवा वाटते, तीच सत्तरीच्या सासूला भिंत वाटते. दोघी एकाच घरात राहतात आणि दोघीही बरोबर आहेत.

हे दुःख फक्त आपल्या अम्मींचे नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ३० टक्के घरांत एकच माणूस राहतो. एकाकीपणा इतका वाढला की २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने हा विषय एका मंत्र्याकडे सोपवला. आपल्याला यावर हसू येईल. पण ज्या समाजाने आपला आजार ओळखून त्याला नाव दिले, तो निदान उपचाराच्या वाटेवर तरी आहे.

बशी रिकामी परतत नाही

सामाईक भिंतीपलीकडे ऐंशीच्या घरातली एक इंग्रज बाई एकटी राहते. सहा वर्षांत भावजयीचे तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नव्हते. त्या वर्षी बकरी ईद ६ जूनला, शुक्रवारी आली. मुलांना शाळेतून धार्मिक सणाची रीतसर रजा मिळाली. कुर्बानी मात्र घरी करता येत नाही. परवाना असलेल्या कत्तलखान्यातच ती होते आणि खाटकाकडे आधी नाव नोंदवावे लागते. गोश्त यायला दुसरा दिवस उजाडला. अम्मीने ईदच्या दिवशी शेवया केल्या आणि एक बशी झाकून शेजारी द्यायला काढली. भावजय घुटमळली. इथे असे न विचारता नेत नाहीत, कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असते, कुणाला दूध चालत नाही. शेवटी तिने दारावर टकटक करून आधी विचारले आणि मग बशी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी परत आली. स्वच्छ धुतलेली, त्यात बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या आणि आभाराचे एक कार्ड. अम्मीला कार्डावरचे वाचता आले नाही, पण बशी रिकामी आली नाही हे तिने लगेच टिपले. आमच्या कोकणातही बशी रिकामी परत करत नाहीत. त्यानंतर कुंपणावरून दोघींचे रोज पाच-दहा मिनिटे बोलणे व्हायचे. एक इंग्रजीत बोले, दुसरी आपल्या बोलीत. पुतण्या घरी असला तर तर्जुमा करी, नसला तर हातवारे.

एका सकाळी अम्मीच्या लक्षात आले, शेजारचे पडदे दहा वाजले तरी उघडलेले नाहीत. तिने भावजयीला फोन करायला लावला. भावजयीने त्या बाईच्या मुलाचा नंबर मिळवून संदेश पाठवला. बाई आदल्या संध्याकाळी तपासणीसाठी हॉस्पिटलात राहिली होती, काळजीचे काही नव्हते. मुलगा लांबच्या गावी असतो. पुढच्या रविवारी तो येऊन भेटून गेला आणि आईच्या घराची एक किल्ली भावजयीकडे ठेवून गेला. सहा वर्षांत जे झाले नव्हते ते पडद्याकडे पाहण्याच्या मोहल्ल्यातल्या सवयीने झाले.

कुरआनच्या सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत आईवडील, नातेवाईक, अनाथ, गरीब यांच्याबरोबर शेजाऱ्याशी चांगले वागण्याचा हुकूम आहे, आणि त्यात जवळचा शेजारी व परका शेजारी असे दोघेही नाव घेऊन आले आहेत. परक्या शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हे वर्गात समजावणे सोपे आहे. तो पाळायचा तर दारावर टकटक करावी लागते.

बंद दाराआड

या शांततेची दुसरी बाजू शिक्षक म्हणून सांगणे आम्हाला भाग आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच वोकिंगमध्ये एका घरात दहा वर्षांची पाकिस्तानी वंशाची मुलगी मृत सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा बाप आणि सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरले. खटल्यात कुटुंबाच्या आधीच्या घराच्या शेजाऱ्यांनी साक्ष दिली की भिंतीपलीकडून रडणे आणि किंकाळ्या ऐकू येत असत. शाळेने अंगावरच्या खुणा पाहून बालकल्याण विभागाला कळवले होते, पण प्रकरण काही दिवसांतच बंद झाले. नंतर बापाने ‘घरीच शिकवतो’ म्हणून मुलीला शाळेतून काढले. देशभर खळबळ माजली.

तिथल्या प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका ठरावीक शिक्षकाकडे असते आणि काही संशयास्पद दिसले तर लिहून कळवण्याचे बंधन असते. ही व्यवस्था आपल्याकडेही हवी. पण व्यवस्था असूनही ते मूल वाचले नाही. शेजाऱ्यांच्या घरात नाक खुपसू नये, ही तिथली सभ्यता. घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये, ही आपली सवय. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की भिंत फार जाड होते. ओट्यावरच्या चहाडखोर बायकांना आपण नावे ठेवतो, पण मोहल्ल्यात पोर रोज रडते आणि कुणी विचारत नाही, असे सहसा होत नाही. कुणाच्या घरात डोकावणे वेगळे आणि लेकराच्या रडण्याची चौकशी करणे वेगळे. हा फरक आपण आपल्या मुलांना शिकवला पाहिजे.

ब्रुकवुडची कबर

वोकिंगजवळ ब्रुकवुडचे विस्तीर्ण कबरस्तान आहे. १८५४ मध्ये ते सुरू झाले तेव्हा लंडनमध्ये दफनाला जागा उरली नव्हती आणि वॉटर्लूहून मयतांसाठी खास आगगाडी इथे येई. ती १९४१ पर्यंत चालली. इथल्या मुस्लिम भागात कुरआनचे दोन नामवंत इंग्रजी भाषांतरकार विसावले आहेत. एक मार्माड्यूक पिक्थॉल, पाद्र्याचा मुलगा. इस्लाम स्वीकारल्यावर १९२० ते १९२४ या काळात ते मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, १९३६ मध्ये वारले. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली.

यूसुफ अलींचा जन्म १८७२ चा, मुंबईचा. केंब्रिजला शिकले, आय.सी.एस. झाले. त्यांचे भाषांतर आज जगभर लाखो घरांत आहे. पण संसार मोडला, मुले दुरावली. डिसेंबर १९५३ च्या थंडीत ते लंडनच्या रस्त्यावर असहाय अवस्थेत पोलिसांना आढळले. हॉस्पिटल, मग वृद्धांचे सरकारी निवासस्थान आणि १० डिसेंबरला इंतकाल. जवळ आपले कुणी नव्हते. अम्मीने त्यांच्या कबरीजवळ फातिहा पढली. परतताना मोटारीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग भावाला ती एवढेच म्हणाली, ‘इतका मोठा आलिम, आणि हाताला धरायला कुणी नाही. मला घराची नाही बाबा, माणसांची सवय आहे.’

कायदा काय म्हणतो

पुष्कळांचा समज असतो की मुलगा तिकडे स्थिरावला की आईला कधीही नेता येते. तसे नाही. साध्या भेटीच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. आजारपणात हॉस्पिटलचा खर्च स्वतः सोसावा लागतो, म्हणून विमा घेतल्याशिवाय जाऊ नये. कायम नेण्याचा नियम जुलै २०१२ पासून फार कडक झाला आहे. मुलगा तिथला नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असावा लागतो. आईला वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या कामांतही कायम दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत मायदेशात पैसे देऊनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे हिंडती-फिरती आई नेता येत नाही, आणि जिला नेता येईल ती प्रवासाच्या अवस्थेत क्वचितच असते. घर विकून, सामान वाटून टाकून निघण्यापूर्वी हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

आम्ही काय ठरवले

अम्मी आमच्याबरोबर परत आली. दर उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे जाईल, बाकीचा काळ गावी राहील. रात्री सोबतीला नात्यातली एक विधवा बाई येते, तिचा खर्च भाऊ उचलतो. भावजयीने तिकडे शुक्रवारी मुलांना मशिदीत नेऊन तिथल्या बायकांशी ओळख वाढवायला सुरुवात केली आहे, म्हणजे पुढच्या खेपेला अम्मीला चार घरे ओळखीची असतील. पुतण्या रोज संध्याकाळी दादीला फोन करतो. अट एकच, मराठीत किंवा उर्दूत बोलायचे. चुकतो, हसतो, पण बोलतो.

आपल्या आईला परदेशी नेण्याचा विचार करणाऱ्या भावाबहिणींना आमचे सांगणे एवढेच आहे. नेण्याआधी घराच्या खोल्या मोजू नका. घर रिकामे असण्याचे तास मोजा. मशीद, दुकान आणि तिची भाषा बोलणारे एक तरी घर तिला पायी गाठता येईल का, ते पाहा. डिसेंबरातील एक महिना ठेवून पाहा, कारण जूनमधले वोकिंग सगळ्यांनाच आवडते.

आणि जे इथे आहेत त्यांच्यासाठीही एक गोष्ट. मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा इथल्या नव्या इमारतींत आपणही ओटा गावी ठेवून आलो आहोत. समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आई कुणाची आहे, तिचे दार आज उघडले का, हे पाहायला व्हिसा लागत नाही. अल्लाह आपल्या सर्वांना आईवडिलांचे आणि शेजाऱ्यांचे हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.